माजी राष्ट्राध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय न्यायासन

प्रश्न : राष्ट्राध्यक्षावर परक्या न्यायासनापुढे खटला कसा चालतो?

उत्तर : लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्यावर सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने 2003 साली तेथील बंडखोरांना साहाय्य केल्याचे आरोप ठेवले तेव्हा ते पदावरच होते, परंतु राष्ट्रप्रमुखाचे अभयत्व आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे टिकत नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने 2004 मध्ये दिला. मात्र अशा न्यायासनांपाशी स्वतःची फौज वा पोलीस नसल्यामुळे, वॉरंट निघूनही नायजेरियाच्या आश्रयास गेलेले टेलर 2006 पर्यंत हाती लागले नाहीत, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे दुखणे हेच आहे. पुढे अशांततेच्या भयाने खटला हेग येथे हलविला गेला, तेथे त्या बंडखोरांनी ज्यांचे हात तोडले अशा माणसांनीही साक्षी दिल्या, आणि 2012 साली गुन्हे शाबीत होऊन झालेली 50 वर्षांची सजा टेलर ब्रिटनच्या तुरुंगात भोगू लागले.