आधी वारा, मग पाणी

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या जागी इसुझूचं १८०० बसवलंस, छान केलंस. १९९०च्या दशकात खुद्द कंपनीनेच ते इंजिन या गाडीत घातलं होतं. (नवा इंजिन नंबर आरटीओतून आरसीवर चढवून घेतलास ना? नसेल तर आधी ते कर.) आता ताकद वाढली तशी उष्णताही वाढणार. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यालाच वाहून न्यावा लागतो.

म्हणून लगेच मोठा रेडिएटर आणायला धावू नकोस. गाडी कधी तापते ते बघ. सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर दोष वाऱ्याचा. खंबाटकी घाट चढताना किंवा हायवेला दामटताना तापत असेल, तर रेडिएटरची जाळी कमी पडतेय, नाहीतर पाणी नीट फिरत नाहीये. हे न बघता लोक उगाच हजारो रुपये घालतात.

त्यातही पहिला संशय वाऱ्यावरच घे. दुसऱ्या इंजिनाचा पंखा जुन्या जाळीच्या मध्यावर येतोच असं नाही. तो खाली बसला तर जाळीच्या वरच्या भागातून वारा ओढलाच जात नाही. पंख्याभोवती पत्र्याचं आवरण, म्हणजे श्राउड, बनवून घे. पाती अर्धी आत, अर्धी बाहेर राहू देत आणि कडेने बोट-दीड बोट जागा सोड, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या फटी रबराने किंवा फोमने बुजव. वाऱ्याला मोकळी वाट दिसली तर तो जाळीत कशाला शिरेल? इलेक्ट्रिक फॅन लावलास तर रिले, वेगळा फ्यूज आणि जाड वायर हवीच. फॅन चालू करून बोनेटच्या पुढून जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धर. कागद चिकटला पाहिजे. उडाला तर मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात.

आता पाणी. पितळी टाक्या जुन्याच ठेवून मध्ये तीन ओळींचा कोअर घालून मिळतो. गाडीचं रूपही बिघडत नाही. रेडिएटरच्या झाकणाचा दाब एक पौंडाने वाढला की पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. १५ पौंडांच्या झाकणाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण जुन्या डागकामाला तेवढा दाब सोसेल का, हे रेडिएटरवाल्याकडून आधी तपासून घे. खालच्या हौजपाइपात स्प्रिंग आहे का तेही बघ. ती नसेल तर वेगात पंप पाणी ओढतो आणि पाइप चपटा होतो.

थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाक, गाडी गार राहील, असं सांगणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांचं ऐकू नकोस. इंजिन थंडच राहिलं तर पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. काही इंजिनांत तर वॉल्व्ह काढला की बरंचसं पाणी बायपासमधूनच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर वॉल्व्ह पातेल्यात टाकून पाणी तापव, शेजारी थर्मामीटर धर. त्यावर ८२ लिहिलं असेल तर त्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे.

बोअरचं पाणी घालायचं नाही, आत क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घे. भरताना गाडीचं नाक चढावर ठेव, म्हणजे आतली हवा वर येऊन निघून जाते.

आणि काट्यावर डोळे झाकून विश्वास नको. जुनं मीटर आणि नव्या इंजिनाचा सेन्सर यांचं जमतंच असं नाही. सेन्सरही गरम पाण्यात धरून पडताळून घे.

पहिली चक्कर घाटात नको, गावातच मार. गाडी तापली तरी झाकणाला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघ आणि हौजपाइपांच्या सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळ.