जीपचा क्लच बदलणे

जुना जालना आणि नवा जालना यांच्यामधून कुंडलिका नदी वाहते. मामा आणि भाचा जुन्या जालन्यात राहतात. एके दिवशी भाचा मोसंबी भरून जीप घेऊन निघाला. चढावर इंजिन ओरडू लागले, पण गाडी पुढे सरकेना. जळका वास आला.

भाचा म्हणाला, "मामा, इंजिन गेलं वाटतं."

मामा म्हणाले, "इंजिन चांगलं हाय रे. क्लच प्लेट झिजली."

इंजिनाच्या मागे एक जड चाक फिरते. ते फ्लायव्हील. त्याला क्लच प्लेट चिकटून असते. प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. म्हणून इंजिनाचा जोर चाकांना मिळतो. आपण क्लच दाबला की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, प्लेट सुटते आणि गिअर बदलता येतो. प्लेट झिजली की घसरते.

मामांनी घरीच काम काढले. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपची ही रीत आहे.

१. गाडी सपाट, पक्क्या जागी लावा. चाकांना दगड लावा. बॅटरीची तार सोडा.

२. जॅकने गाडी उचला आणि चेसिसखाली लोखंडी घोड्या लावा. गाडी हलवून पाहा. मगच खाली जा.

३. गिअर बॉक्सचे तेल काढा. खुणा करून प्रोपेलर शाफ्ट सोडा. गिअर बॉक्सला जोडलेल्या तारा आणि दांडेही सोडा.

४. गिअर बॉक्सखाली दुसरा जॅक द्या. बोल्ट काढा. दोघांनी धरून तो सरळ मागे ओढा.

५. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. धूळ फुंकू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो छातीला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

६. प्लेटवर तेल दिसले तर आधी गळती बंद करा. नाहीतर नवी प्लेटही जाईल.

७. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही नवी घाला. प्लेटची बाजू उलटी करू नका. ती बरोबर मध्यावर बसवा. मग सगळे उलट क्रमाने जोडा आणि गिअर बॉक्समध्ये तेल भरा.

भाचा म्हणाला, "घोड्या नाहीत तर विटा लावू का?"

मामा रागावले. "वीट फुटते, जॅक सरकतो. दोन्हीच्या भरवशावर गाडीखाली माणूस जात नसतो. घोड्या आण, नाहीतर काम गॅरेजवाल्याला दे. गाडी थांबली तर चालते. माणूस गेला तर घर थांबतं."

भाच्याने शेजाऱ्याकडून घोड्या आणल्या. शेवटी मामांनी पेडलचा सैलपणा कंपनीच्या पुस्तकात वाचून ठेवला. आपणही वाचूनच ठेवावा. आणि चालवताना क्लचवर पाय ठेवून बसू नये. त्यानेच प्लेट लवकर झिजते.

सांगा पाहू :
१. प्लेट झिजल्याचे कसे ओळखाल?
२. जॅक असताना घोड्या कशाला?
३. धूळ का फुंकू नये?