टेम्पोच्या हाउसिंगचा आवाज : दुखणे नेमके कोठे, हे कसे ओळखावे?

धर्माबादसारख्या सरहद्दीच्या गावात व्यापार म्हटला की वाहन आलेच. मिरचीची पोती असोत की आमची कापडाची थाने, माल एकीकडे उमरी-नांदेडला जातो, तर दुसरीकडे बासरवरून गोदावरी ओलांडून निजामाबादला. आम्ही व्यापारी गल्ल्याचा हिशोब रोज पाहतो. परंतु टेम्पोच्या मागून येणारा आवाज मात्र ड्रायव्हरवर सोडून देतो. मग एक दिवस गाडी गॅरेजला जाते आणि "हाउसिंग गेले" एवढे ऐकून हजारो रुपये मोजले जातात. पुष्कळदा बिघाड शाफ्टच्या एखाद्या क्रॉसचा असतो. याच्या उलट, चाकाचे खराब बेअरिंग "टायरचा आवाज आहे" म्हणून तसेच चालवले जाते. एका चुकीत पैसा जातो, दुसरीत माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून ही तपासणी मालकाने समजून घ्यावी, असे आमचे मत आहे.

ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते?

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, टाटा ४०७ या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. गिअर बॉक्सपासून मागे एक लांब शाफ्ट जातो, त्याच्या टोकांना क्रॉस असतात. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये सेंटर बेअरिंग असते. शाफ्ट हाउसिंगमधील पिनियन फिरवतो आणि पिनियन क्राऊनला. येथे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो व जोर वाढतो. क्राऊनसोबतचे लहान गिअर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देतात. त्यापुढे दोन्ही बाजूंचे एक्सल आणि चाकाचे बेअरिंग. मारुती ८०० सारख्या गाडीत ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून तेथे ही रचना मागे नसते.

पहिली पायरी : आवाज कशाबरोबर बदलतो?

कापड सुती की पॉलिएस्टर, हे आम्ही नुसत्या नजरेने ठरवत नाही. एक धागा जाळून पाहतो. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गाडीच्या आवाजालाही असाच कस लावावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

१. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. तोच आवाज आला, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअर बॉक्सकडे आहे. क्लच दाबताच आवाज थांबला, तर गिअर बॉक्सचे बेअरिंग तपासावे. दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग.

२. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तोच वेग ठेवून गिअर बदलून पाहा. इंजिनाची रेस बदलली तरी आवाज वेगाशीच बांधलेला राहिला, तर दुखणे शाफ्ट, हाउसिंग, चाक किंवा टायरमध्ये आहे.

३. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत डांबरीवर येताच आवाज बदलला, तर आधी टायर पाहा. हाउसिंगला रस्त्याच्या पृष्ठभागाशी देणेघेणे नसते.

४. आता ॲक्सिलरेटर दाबा, मग सोडा. दाबल्यावर "हूंऽऽ" असा सूर चढतो आणि सोडल्यावर बदलतो किंवा बंद होतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर व पिनियनच्या बेअरिंगवर जातो. टायर व चाकाच्या बेअरिंगचा आवाज पाय काढल्याने फारसा बदलत नाही.

कोणता आवाज कोणाचा?

सुटताना किंवा पुढचा-मागचा गिअर टाकताना एकदाच "खट्" झाले, तर क्रॉस ढिला झाला आहे किंवा हाउसिंगमध्ये खेळ वाढला आहे. हळू चालताना "चूं-चूं" असा तालात आवाज आला, तर क्रॉस कोरडा पडला आहे. हा ताल चाकाच्या फेऱ्यांपेक्षा जलद असतो, कारण चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट साधारण तीन ते पाच फेरे घेतो.

भरलेली गाडी उचलताना थरथरली, तर सेंटर बेअरिंगचे रबर पाहावे. ठरावीक वेगालाच गाडी थरथरली, तर शाफ्ट वाकला आहे किंवा त्याचा तोल बिघडला आहे. फक्त वळणावर कटकट झाली, तर हाउसिंगमधील लहान गिअर तपासावेत.

चाकाचे बेअरिंग घरघरते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर उजवे बेअरिंग संशयित समजावे. प्रवासानंतर दोन्ही हबजवळ हात नेऊन पाहा, टेकवू नका, भाजेल. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल, तर बेअरिंग खराब आहे किंवा ब्रेक धरतो आहे.

ऑइल काय सांगते?

सपाट जागेवर हाउसिंगच्या बाजूचा नट उघडल्यास ऑइल साधारण त्या भोकापर्यंत असावे. कमी असेल, तर ऑइल सील गळतो का ते पाहावे. ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे अवश्य पाहावे. तळाच्या नटाला लोखंडाचा बारीक लेप असणे नेहमीचे आहे. परंतु दाताचा तुकडा सापडला, तर गाडी तेथेच थांबवावी. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच घालावे. काळ्या मातीच्या चिखलात गाडी फिरल्यावर क्रॉस धुवावेत, आणि ग्रीसचे निप्पल असेल तेथे ग्रीस मारावे.

गॅरेजमध्ये घ्यायची खबरदारी

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नये. स्टँड व चाकाला ठोकळा हवाच. एकच मागचे चाक उचलून गाडी गिअरमध्ये चालवू नये. सर्व जोर उचललेल्या चाकाचा वेग वाढवण्यात जातो आणि गाडी जॅकवरून उतरू शकते.

क्राऊन आणि पिनियन हे जोडीनेच बसवायचे असतात. एक नवा व एक जुना घातला, तर आवाज पुन्हा येतो. रोलर बेअरिंगही बाहेरच्या कडीसकट बदलावे. त्यांचा खेळ डायल गेजने मोजून बसवणारा कारागीर निवडावा, चार पैसे जास्त घेत असला तरी. जुने भाग मागून घ्यावेत व ते पाहूनच बिल द्यावे.

घरघर वाढत असेल, चाक हलत असेल किंवा "खट्खट्" जोरात होत असेल, तर बाजाराचा दिवस असला तरी माल दुसऱ्या गाडीत भरावा. शाफ्टचे पुढचे टोक निखळून रस्त्यात रुतले, तर गाडी उलटू शकते; आणि शाफ्ट तुटलेली गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवली तरी थांबत नाही. मागे गाठींवर बसलेल्या हमालाला त्यातून उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ड्रायव्हरने आवाजाची तक्रार केली, तर त्याला कामचुकार न ठरवता, त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसून वरील चार कस लावून पाहावेत.