बोलणे म्हणजे केवळ आवाज नव्हे

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• संवाद-अक्षमता म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• अशा व्यक्तींच्या जीवनात समाजमाध्यमांचे स्थान स्पष्ट करू शकाल;
• त्यांच्याशी संदेशांद्वारे बोलताना घ्यावयाची काळजी सांगू शकाल.

प्रस्तावना

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा कारखान्यात यंत्रांच्या घरघराटात शेजारच्या माणसाचे बोलणेही कानी पडत नाही. उंचावर बसलेल्या क्रेनचालकाला खाली उभा असलेला कामगार हातांच्या ठरलेल्या खुणांनी सूचना देतो : ‘उचल’, ‘थांब’, ‘हळू उतरव’. एकही शब्द न उच्चारता टनावारी पोलाद नेमक्या जागी उतरते. त्या कामगाराला कोणी मुका म्हणत नाही.

त्याच गावाच्या बाजारात एखादी कर्णबधिर व्यक्ती हातांनी बोलू लागली, की लोक मात्र गोंधळतात. कोणी नजर चुकवतो, कोणी हसतो. कारखान्यात खुणा करणारा आणि पाहणारा या दोघांनाही त्यांचा अर्थ ठाऊक असतो. बाजारात तो एकालाच ठाऊक असतो. संवादात येणारी अडचण एकट्या व्यक्तीची नसते, ती दोघांमधली असते. समाजमाध्यमांचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे.

संवाद-अक्षमता म्हणजे काय?

आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यात किंवा दुसऱ्याचे समजून घेण्यात येणाऱ्या दीर्घकालीन अडचणीला संवाद-अक्षमता म्हणतात. तिची रूपे अनेक आहेत. कोणाला ऐकू येत नाही. कोणाचे बोलणे अडखळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही व्यक्तींच्या ओठांवर व जिभेवर स्नायूंचा ताबा राहत नाही. स्वमग्न असलेली काही मुले बोलतच नाहीत. मेंदूच्या विकारानंतर कोणाला वाचाघात होतो. अशा वेळी मनात विचार असतो, पण नेमका शब्द सापडत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख ७१ हजार व्यक्तींची श्रवणदोषामुळे, तर सुमारे २० लाख व्यक्तींची वाचादोषामुळे दिव्यांग म्हणून नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ‘संवाद’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. सांकेतिक भाषा, ब्रेल, स्पर्श, चित्रे, सोपी भाषा ही सर्व संवादाची साधने कायद्याने मान्य केली आहेत.

टेलिफोनपासून मोबाईलपर्यंत

१८७६ साली टेलिफोनचे एकस्व मिळवणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईची श्रवणशक्ती अतिशय क्षीण होती आणि पत्नीला ऐकू येत नसे. तरीही त्यांच्या घरातील या दोघींना टेलिफोनचा उपयोग नव्हता. पुढे १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटरवरील अक्षरे टेलिफोनच्या तारेतून पाठवण्याची सोय साधली. बेल यांच्या शोधानंतर कर्णबधिरांना त्याचा लाभ मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

मोबाईलने हे अंतर पुष्कळ कमी केले. लघुसंदेश आले, नंतर चित्रे आली आणि मग समोरच्या माणसाचे हात व चेहरा दाखवणारा व्हिडिओ कॉल आला. सांकेतिक भाषेत बोलण्यासाठी पूर्वी दोघांना एकमेकांच्या दृष्टीसमोर असावे लागे. आता भिलाईतील एखादी कर्णबधिर तरुणी नागपूरच्या मैत्रिणीशी घरबसल्या हातांनी गप्पा मारू शकते.

दोन घरे, दोन गरजा

नोकरीच्या निमित्ताने भिलाईत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी. कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांना वाचाघात झाला. टेलिफोनवर ते शब्द शोधत राहतात. पलीकडच्या माणसाला वाटते, की कॉल तुटला, आणि तो फोन ठेवतो. नातेवाइकांच्या गटात मात्र घाई नसते. आजोबा अंगणातल्या फुलाचे छायाचित्र पाठवतात, संपलेल्या औषधाच्या पाकिटाचे पाठवतात. नागपूरची लेक एका ओळीत विचारते, ‘बाबा, गोळ्या संपल्या का?’ आजोबा अंगठ्याचे चिन्ह पाठवतात. तेवढ्यात संवाद पूर्ण होतो. वाचाघातात वाचणे आणि लिहिणेही कठीण होऊ शकते; म्हणून लांबलचक मजकुरापेक्षा एक छोटे वाक्य अधिक उपयोगी पडते.

अशा वेळी मातृभाषेचे महत्त्व कळते. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अ‍ॅप चित्रांच्या साहाय्याने बोलण्याची सोय करते. चित्राला बोट लावले, की शब्द ऐकू येतो. ते मराठीतही उपलब्ध आहे.

आता दुसरे घर पाहा. येथील तरुणी जन्मतः कर्णबधिर आहे. तिची पहिली भाषा सांकेतिक आहे. या भाषेला स्वतःचे व्याकरण असते, त्यामुळे लिखित हिंदी किंवा मराठी ही तिच्यासाठी दुसरी भाषा ठरते. तिच्या संदेशातील विभक्ती चुकली, म्हणून तिची बुद्धी कमी ठरत नाही. २०२१ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषय सुरू केला. भिलाईजवळच्या रायपूर शहरात २०१३ साली सुरू झालेल्या ‘नुक्कड’ या चहाच्या दुकानात कर्णबधिर तरुण-तरुणी ग्राहकांची सेवा करू लागले. ग्राहकाने थोडी तयारी दाखवली, की खुणांनीही व्यवहार सुरळीत चालतो, हे तेथे दिसले.

दार उघडले, उंबरठा उरला

समाजमाध्यमांनी दार उघडले, तरी काही अडथळे राहिले आहेत. वस्तीच्या गटात ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना कोणी ध्वनिसंदेशाने दिली, तर कर्णबधिर व्यक्तीच्या घरातील भांडी रिकामीच राहतात. व्हिडिओखाली अक्षरे नसली, तर त्यातील माहिती तिच्यापर्यंत पोहोचत नाही. यंत्राने आपोआप उमटवलेली अक्षरेही, विशेषतः माणसांची आणि गावांची नावे, अनेकदा चुकतात.

याहून गंभीर गोष्ट स्वातंत्र्याची आहे. ‘तिला काय कळणार?’ असे म्हणून घरचे लोकच तिचे संदेश वाचतात आणि तिच्या नावाने उत्तरे देतात. हेतू चांगला असला, तरी तिचे बोलणे दुसऱ्याच्या हाती जाते. याउलट तिला एकटे सोडले आणि सावध केले नाही, तर फसवणूक करणारे तिलाही गाठतात. तिच्या वतीने बोलू नये. धोके ओळखायला तिला शिकवावे. अडखळणाऱ्या माणसाची नक्कल करणारा व्हिडिओ पुढे पाठवणे हाही अपमानच होय.

आपण काय करावे?

• महत्त्वाची सूचना ध्वनिसंदेशाबरोबर लेखीही द्यावी.
• वाक्ये लहान ठेवावीत. एका संदेशात एकच प्रश्न विचारावा.
• उत्तराची वाट पाहावी. समोरच्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये.
• व्हिडिओ कॉलवर चेहरा व हात उजेडात ठेवावेत.
• ११२ या आपत्कालीन सेवेचे मोबाईल अ‍ॅप घरातील अशा व्यक्तीला दाखवून ठेवावे.

क्रेनखाली उभ्या असलेल्या कामगाराच्या हाताकडे वर बसलेला चालक लक्ष देऊन पाहतो, म्हणून ओझे सुखरूप उतरते. संदेशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाकडेही तेवढ्याच लक्षाने पाहणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

वाचाघात – मेंदूला इजा झाल्याने भाषा वापरण्यात येणारी अडचण
स्वमग्न – इतरांशी संपर्क साधण्याची रीत वेगळी असलेली (व्यक्ती)
एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क
क्षीण – कमजोर

स्वाध्याय

१. ‘संवादात येणारी अडचण दोघांमधली असते’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. टेलिफोनचा लाभ कर्णबधिरांना उशिरा का मिळाला?
३. वाचाघात झालेल्या व्यक्तीला संदेश पाठवताना कोणती काळजी घ्याल?
४. तुमच्या वस्तीतील गटात पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना द्यायची आहे. ती सर्वांना समजेल अशी तीन लहान वाक्यांत लिहा.