उन्हाळ्यातली हिरवळ: पाचशे चौरस फुटांचा हिशेब

एप्रिलच्या मध्यावर अंगणातली हिरवळ आधी फिकट होते, मग तपकिरी दिसू लागते, आणि पंधरवड्याने येणारा माळी मान हलवून सांगतो, "लॉन गेलं, आता नवीनच टाकावं लागेल." दोन उन्हाळ्यांपूर्वी मी हे वाक्य ऐकलं आणि भर मे महिन्यात नवं लॉन टाकून घेतलं. पहिले तीन आठवडे त्याला रोज दोनदा पाणी घालावं लागलं. शेजारच्या बंगल्यातलं तसंच तपकिरी पडलेलं लॉन मात्र जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर एक पैसा खर्च न करता पुन्हा हिरवं झालं. तो अनुभव हे या मार्गदर्शनाचं कारण आहे. आपल्याकडची बहुतेक लॉनची गवतं उन्हाळ्यात मरत नाहीत, झोपतात. त्यांना जिवंत ठेवायला किती पाणी आणि किती पैसे लागतात, हे आधी कागदावर मांडलं, तर घाईचा मोठा खर्च टळतो.

आधी ओळखा: झोपलंय की मेलंय?

पुणे, नाशिक, कोल्हापूर भागांत घरच्या लॉनसाठी बहुधा 'सिलेक्शन वन' नावाने विकलं जाणारं बर्म्युडाचं गवत किंवा बारीक पानांचं कार्पेट गवत लावलेलं असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच गवताच्या. शेतकरी वैतागून सांगतात की हरळी खणून काढली तरी परत येते. तिचा जीव जमिनीखालच्या कांड्यांत असतो. पाणी तुटलं की ती वरचं पान वाळू देते आणि खाली तग धरते.

तपासणी सोपी आहे. चार-पाच ठिकाणी गवताचा छोटा झुपका धरून हलकेच ओढा. तो सहज हातात आला आणि मुळाशी काळपट, भुसभुशीत दिसला, तर ती जागा मेली आहे. झुपका घट्ट असेल आणि बुडाशी पांढरट-हिरवा कोंब दिसत असेल, तर गवत जिवंत आहे. खात्री करायची असेल, तर हातभर लांबी-रुंदीच्या एका तुकड्याला दहा दिवस नीट पाणी द्या. हिरवे कोंब फुटले, तर बाकीचं लॉनही जिवंत आहे असं समजा.

तपकिरी भाग ठरावीक गोलाकार चट्ट्यांतच असेल आणि बाकी लॉन हिरवं असेल, तर कारण वेगळं असू शकतं. मातीचे पापुद्रे आणि पोखरलेल्या काड्या दिसल्या, तर वाळवी. ओढल्यावर गवत गालिच्यासारखं उचललं गेलं, तर मुळं खाणारी हुमणी. मधोमध वाळलेला आणि कडेला गडद हिरवा असा छोटा गोल दिसला, तर बहुधा कुत्र्याची लघवी. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि संपूर्ण लॉन बदलणं हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही.

पाण्याचा हिशेब

एक सूत्र लक्षात ठेवलं की पुरे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वीस फूट बाय पंचवीस फूट, म्हणजे ५०० चौरस फुटांचं लॉन धरा. ते सुमारे ४६.५ चौरस मीटर भरतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे तेरा आठवडे मोजले, तर तीन मार्ग समोर येतात.

पहिला मार्ग पूर्ण हिरवं ठेवण्याचा. दख्खनच्या कोरड्या उन्हात त्यासाठी रोज सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे २३० लिटर पाणी धरावं लागतं. तेरा आठवड्यांत ते २१,००० लिटर होतं.

दुसरा मार्ग मधला. आठवड्याला २० मिलिमीटर, म्हणजे ९३० लिटर. हंगामाला सुमारे १२,००० लिटर. लॉन फिकट हिरवं राहतं, मुलं त्यावर खेळू शकतात.

तिसरा मार्ग फक्त जगवण्याचा. आठवड्याला १२ मिलिमीटर, म्हणजे ५६० लिटर. हंगामाला सुमारे ७,३०० लिटर. लॉन तपकिरी दिसतं, पण कांड्या जिवंत राहतात.

आता पैसे. टँकरचे दर गावागावांत आणि महिन्यामहिन्यांत बदलतात, म्हणून हिशेबासाठी १०,००० लिटरच्या टँकरला १,५०० रुपये धरू. तुमच्याकडचा दर वेगळा असेल, तर तो आकडा घाला. या दराने लिटरला १५ पैसे पडतात. पहिल्या मार्गाला सुमारे ३,१५० रुपये, दुसऱ्याला १,८००, तिसऱ्याला १,१०० रुपये लागतील. पंपाची वीज नगण्य आहे. अर्ध्या एचपीचा पंप आठवड्यातून तासभर चालवला, तर साधारण अर्धं युनिट जळतं.

रुपयांत पाहिलं, तर फरक दोन हजारांचाच दिसतो. पण हेच पाणी माणसांत मोजा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. पूर्ण हिरव्या लॉनचे रोजचे २३० लिटर म्हणजे पावणेदोन माणसांचं पाणी. मधल्या मार्गाने रोजचे १३३ लिटर होतात, जवळजवळ एका माणसाचं. जगवण्याच्या मार्गाने ८० लिटर. धरणं तळाला गेलेल्या मे महिन्यात, एक दिवसाआड नळ येत असताना, हा आकडा मला टँकरच्या बिलापेक्षा महत्त्वाचा वाटतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. मार्चअखेरपर्यंत मधला मार्ग धरा, आणि पाणीकपात सुरू झाली की निःसंकोच तिसऱ्यावर या. तपकिरी लॉनची लाज बाळगण्याचं काही कारण नाही.

पाणी कसं द्यायचं?

रोज थोडं थोडं शिंपडणं ही सर्वांत महागडी सवय आहे. वरची अर्धा इंच माती ओली होते, दुपारपर्यंत सुकते, आणि मुळं पाण्याच्या आशेने वरच राहतात. आठवड्याचे २० मिलिमीटर दोन वेळांत विभागून द्या, उदाहरणार्थ बुधवारी आणि रविवारी प्रत्येकी १० मिलिमीटर, म्हणजे ४६५ लिटर. पाणी खोल गेलं की मुळंही खाली जातात. वेळ पहाटेची, साधारण आठच्या आत. रात्रभर पान ओलं राहिलं तर बुरशीला वाव मिळतो, आणि दुपारी दिलेलं पाणी बरंचसं हवेतच जातं.

पाईपचा वेग घरीच मोजता येतो. २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर. म्हणजे ४६५ लिटरसाठी ३१ मिनिटं. स्प्रिंकलर असेल, तर श्रीखंडाचे सरळ काठांचे रिकामे डबे लॉनवर पाच-सहा ठिकाणी ठेवा, पंधरा मिनिटं चालू करा आणि पट्टीने पाण्याची उंची मोजा. एका डब्यात ७ मिलिमीटर आणि दुसऱ्यात २ मिलिमीटर आढळले, तर कोपऱ्यातलं गवत का वाळतंय ते लगेच कळतं. स्प्रिंकलरची जागा बदलायला पैसे लागत नाहीत.

काळी माती पाणी सावकाश पिते. एकदम सोडलं तर ते वाहून फाटकाबाहेर जातं. तिथे पंधरा मिनिटं पाणी, अर्धा तास विश्रांती आणि पुन्हा पंधरा मिनिटं, असं करा. मुरमाच्या भरावावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या मातीवर उलट स्थिती असते. पाणी पटकन निचरून जातं, म्हणून तेवढंच पाणी तीन वेळांत विभागा. विदर्भात पारा ४५ च्या आसपास गेल्यावर पूर्ण हिरव्याचा हट्ट सोडलेलाच बरा. तिथे पहिल्या मार्गाचा आकडा आणखी वाढतो.

घरातलं पाणी वळवता येईल तेवढं वळवा. भाजी धुतलेलं, एसीतून ठिबकणारं, वॉशिंग मशीनचं शेवटच्या खळबळणीचं पाणी चालतं. ब्लीच घातलेलं मात्र नको. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी क्षारांचं असतं. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, तरी ते रोज एकाच जागी ओतू नका. बोअरच्या पाण्याने जमिनीवर पांढरा थर दिसू लागला, तर अधूनमधून गोड्या पाण्याची एक पाळी द्या. आणि आपल्या महापालिकेने पिण्याचं पाणी बागेला वापरायला बंदी केली असेल, तर ती पाळा. काही शहरांत मैलापाणी शुद्ध करून बागांसाठी आणि बांधकामासाठी दिलं जातं. त्याची चौकशी करा.

कटिंग, खत आणि माळी

उन्हाळ्यात पातं वर घ्या. एरवी इंच-सव्वा इंचावर कापत असाल, तर एप्रिल-मेमध्ये दोन इंचांवर ठेवा. उंच पान स्वतःच्या सावलीने माती झाकतं. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, म्हणजे गवत तीन इंच झालं की दोनवर आणा. पात्याला धार हवी. बोथट पातं गवत फाडतं आणि दुसऱ्या दिवशी टोकं पांढरी दिसतात. बारीक कापलेलं गवत पातळ पसरलेलं असेल, तर तिथेच राहू द्या, ते खत होतं. जाड थर मात्र दाताळ्याने ओढून घ्या. तपकिरी झोपलेल्या गवताला कटिंगची गरजच नसते.

खताचा मोह आवरा. मे महिन्यात युरिया टाकून हिरवेपणा आणायचा प्रयत्न म्हणजे तहानलेल्याला पळायला लावणं. पान जळतं आणि पाण्याची भूक वाढते. खताचा खरा मुहूर्त जूनचा, जमीन नीट ओली झाल्यावर. आधी काट्याने किंवा पहारीने चार बोटं खोल भोकं पाडा, विशेषतः येण्याजाण्याच्या वाटेवर, आणि मग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत मिसळून अर्धा सेंटिमीटरचा थर द्या. ५०० चौरस फुटांना ते सुमारे ८ घनफूट लागतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ब्रासभर माल मागवायला कोणी सांगितलं तर आधी हा हिशेब दाखवा.

माळ्याच्या खेपेला ६०० रुपये धरले, तर पंधरवड्याला एक अशा सहा खेपांचे ३,६०० होतात. ठरवताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: कटिंगचं यंत्र कोणाचं, कापलेलं गवत कोण उचलणार, तण काढणं त्यात आहे की वेगळं, आणि खताचे पैसे दरात धरले आहेत का. लव्हाळा नुसता वरून कापला तर फायदा नाही. खालची गाठ खुरप्याने निघाली पाहिजे, आणि तेही पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना.

हंगामाचं अंदाजपत्रक

वरच्या धरलेल्या दरांनी ५०० चौरस फुटांच्या मधल्या मार्गाचा खर्च असा:

- पाणी, सुमारे १२,००० लिटर: १,८०० रुपये
- माळी, सहा खेपा: ३,६०० रुपये
- जूनमधलं खत आणि माती: १,००० रुपये
- पात्याला धार, नळीचं तोंड, किरकोळ: ६०० रुपये
- एकूण: ७,००० रुपये

कटिंग आणि तण स्वतः काढलं, तर हाच खर्च निम्म्याच्या आत येतो. नवं लॉन टाकायचं, तर मजुरीसह चौरस फुटाला ३० रुपये धरूनही १५,००० होतात, आणि भर उन्हात लावलं तर रुजवण्याचं पाणी वेगळं.

खरंच नवं टाकावं लागलं तर?

तपासणीत काही तुकडे मेलेले निघाले, तरी तेवढेच बदला. आणि जूनपर्यंत थांबा. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात रोपवाटिकांची रांग आहे. प्रत्यक्ष जाऊन मॅट पाहणं चांगलं. मॅट उलटी करून मुळं पांढरी आणि दाट आहेत का, मध्ये लव्हाळ्याची पाती डोकावतात का, हे बघा. पैसे जागेच्या मोजमापाने ठरवा, मॅटच्या संख्येने नको. दरात माती, सपाटीकरण, वाहतूक आणि पहिल्या महिन्यात न रुजलेला तुकडा बदलून देणं धरलं आहे का, ते लिहून घ्या.

हीच वेळ लॉनचा आकार ठरवण्याचीही आहे. आंब्याखालच्या सावलीत दर वर्षी मरणारा तुकडा, फाटकाजवळची तुडवली जाणारी वाट, भिंतीलगतची अरुंद पट्टी या जागी फरशा, खडी किंवा सावलीत वाढणारी झाडं लावा. ५०० चौरस फुटांचे ३५० केले, तर मधल्या मार्गाचं पाणी तेरा आठवड्यांत १२,००० वरून ८,५०० लिटरवर येतं. प्लॅस्टिकच्या लॉनचा विचार असेल, तर एकदा दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभं राहून पाहा. ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं.

या वर्षी मी तिसरा मार्ग धरला आहे. अंगण तपकिरी आहे, पहाटे पाणी दिलं की मातीचा वास येतो, आणि झुपका ओढून पाहिला तर बुडाशी पांढरा कोंब दिसतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एवढा कोंब मला पुरेसा आहे.