ईव्हीमध्ये स्क्रीन बसवायची, पण धंदा कशाचा करायचा?

आजचा धडा कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांसाठी. पण हिशेब सगळ्यांनाच कामाला येईल.

आपल्या शहराला एकत्र येऊन गाड्या घ्यायची सवयच आहे. २०१० मध्ये इथल्या लोकांनी दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या. २०२२ मध्ये 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी'तून शंभरावर टाटाच्या इलेक्ट्रिक गाड्या एकदम आल्या. गाड्या वाढल्या की त्यांच्या मागे छोटी कामंही वाढतात. त्यातलंच एक काम म्हणजे साध्या ईव्हीत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालणारी वेगळी स्क्रीन बसवणं.

गिऱ्हाईक का येतं?

त्याला मॅप समोर हवा असतो. गाडी चालवताना फोन हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनात मोडतं. म्हणजे ही गरज खरी आहे, नुसती हौस नाही.

आधी गाडी समजून घ्या

ईव्हीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी गाडी पळवते. तिच्या जाड नारिंगी केबलला आपण हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच. दुसरी असते १२ व्होल्टची छोटी बॅटरी. आपलं काम फक्त तिच्यावर.

"रेंज कमी होईल का हो?" हा प्रश्न येणारच. उत्तर पाठ करून ठेवा. १० वॅटची स्क्रीन १०० तास चालली तर १ युनिट वीज जाते. टियागो ईव्हीची लहान बॅटरीसुद्धा १९.२ युनिटची आहे. फरक जाणवणारही नाही.

खरा धोका वेगळा आहे. वायर कायम चालू असलेल्या लाइनवर जोडली, तर गाडी उभी असतानाही थोडा करंट जात राहतो. समजा ०.१ अँपिअर. दिवसाला २.४ अँपिअर-तास झाले. ३५ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी पंधरा दिवसांत झोपली! मग मोठी बॅटरी फुल्ल असली तरी गाडी चालू होत नाही, कारण तिचा स्विच ही छोटी बॅटरीच लावते. गिऱ्हाईक गावाहून परत येतं आणि पहिला फोन तुम्हाला करतं.

म्हणून फिटिंगचे नियम

१. गाडी बंद केल्यावर जी लाइन बंद होते, तीच मीटरने शोधा. जोडणी फ्यूज टॅपने करा. कंपनीची वायर कापू किंवा सोलू नका.
२. स्क्रीन एअरबॅगच्या वाटेत नको, काचेतून दिसणारा रस्ताही अडायला नको.
३. गिऱ्हाइकाचा फोन जोडून मॅप, आवाज आणि कॉल तिन्ही त्याच्यासमोर तपासा.
४. कामाआधी आणि नंतर फोटो काढा. टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. उद्या वाद झालाच, तर वायर कापलेली नाही हा पुरावा तुमच्याकडे पाहिजे.

आता हिशेब (आकडे उदाहरणादाखल)

समजा, बिल ६,५०० रुपयांचं झालं. ते दोन ओळींत लिहा: स्क्रीन ५,०००, फिटिंग १,५००.

स्क्रीनची खरेदी ४,२००. वीसात एक परत येईल असं धरून नगामागे २१० बाजूला. राहिले ५९०.
फिटिंगमध्ये फ्यूज टॅप, कन्व्हर्टर, वायर ३५० आणि कारागीर ३००. राहिले ८५०.

बघा, ४,२०० रुपये अडकवून ५९० मिळाले आणि ६५० खर्चून ८५०. स्क्रीनचा भाव गिऱ्हाईक मोबाइलवर दोन मिनिटांत काढतं, त्यामुळे तिथे घासाघीस होणारच. नीट फिटिंगचा भाव मात्र तुमच्या कामावरून ठरतो. म्हणून ऑनलाइन मागवलेली स्क्रीन घेऊन कोणी आलं तर तोंड वाकडं करू नका. "या साहेब, बसवून देतो. फिटिंगची हमी माझी, स्क्रीनची विकणाऱ्याची," असं सांगा आणि बिलावर तसं लिहूनही द्या.

एक पथ्य पाळा. जे काम जमणार नाही ते घेऊ नका. सहा हजारांच्या कामापायी गिऱ्हाइकाच्या लाखोंच्या गाडीवर प्रयोग करायचा नसतो.

गृहपाठ: तुमच्या धंद्यातल्या एका वस्तूचं बिल असंच दोन ओळींत फोडा, माल वेगळा आणि मेहनत वेगळी. पैसा नेमका कुठल्या ओळीत उरतो ते वहीत लिहा. पुढच्या महिन्यात भांडवल वाढवायचं की हात वाढवायचे, हे तीच ओळ सांगेल.