मामांच्या कॉम्प्युटरला कोणता मदरबोर्ड?

प्रश्न : माझे मामा मिरजेला असतात. २०१३ साली त्यांनी जुळवून घेतलेला कॉम्प्युटर आता चालू होत नाही. पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. मेकॅनिक म्हणतो, बोर्ड गेला. तसा बोर्ड आता येत नाही. नवा घ्यायचा तर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल. मामांना वाटतं, हा गंडवतोय. कॅबिनेट एवढं ऐसपैस आहे, त्यात कुठलाही बोर्ड बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी आयटीत आहे म्हणून बोर्ड निवडायचं काम माझ्याकडे आलंय, पण मी आजवर एकही कॅबिनेट उघडलेलं नाही. शिवाय, बोर्डाबरोबर मामांचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब जातील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : घरात एक जण आयटीत असला की बंद पडलेली प्रत्येक वस्तू त्याच्याकडे येते, तेव्हा यातून तुमची सुटका नाही. फोटोंपासून सुरुवात करू. फोटो आणि हिशेब हार्ड डिस्कवर असतात, मदरबोर्डवर नाही. बोर्ड बदलल्याने ते जात नाहीत. ते जातात ‘विंडोज नव्याने टाकून देतो’ म्हणत कुणी डिस्क फॉरमॅट केली की. म्हणून कॅबिनेट दुकानात द्यायच्या आधी डिस्क काढून घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून सगळं उतरवून ठेवा.

आता, बोर्ड खरंच गेलाय का? पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी, हे लक्षण रॅम नीट न बसल्याचंही असतं. प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसा आणि परत घट्ट बसवा. कोकणात आणि घाटाखाली पावसाळ्यानंतर निम्मे ‘मेलेले’ कॉम्प्युटर एवढ्यावर उठून बसतात, असं मी म्हटलं तर दुकानदार रागावतील, पण हा उपाय तेही आधी करतात. मग चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लावून पाहा. एवढं करूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मेकॅनिक बरोबर आहे असं धरून चालू.

मामांचं म्हणणं निम्मं खरं आहे. कॅबिनेट आणि बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा १९९५ पासून एटीएक्स या मापाने ठरलेल्या आहेत आणि घरगुती वापरातला २४.४ सेंटिमीटर चौरस मायक्रो एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये आरामात बसतो. बसतो, पण चालेलच असं नाही. (कंपनीचा तयार डेस्कटॉप असता तर बसण्याचीही खात्री नसती, तिथे बोर्ड आणि वीजजोडणी अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या घडणीची असते.)

बोर्ड ठरतो तो प्रोसेसरवरून. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात आणि इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे त्यातल्या संपर्कबिंदूंची संख्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला ११५५, चौथ्या पिढीला ११५०, सहाव्या-सातव्या पिढीला ११५१. आकडे शेजारी-शेजारी दिसले तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. आठव्या-नवव्या पिढीने तर कहरच केला. सॉकेट तेच ११५१, प्रोसेसर आत बसतोही, पण सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही, कारण बोर्डावरची चिपसेट वेगळी लागते. त्यामुळे ‘बसला म्हणजे जमलं’ हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. पिढी ओळखायची सोपी खूण म्हणजे नावातला चार आकडी क्रमांक. बिलावर ‘आय३-३२२०’ लिहिलं असेल, तर पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा प्रोसेसर, सॉकेट ११५५. मामांची खरेदी २०१३ ची आहे, तेव्हा बहुधा हेच निघेल. पण अंदाजावर पैसे देऊ नका, बिल पाहा.

रॅमचंही असंच. त्या काळची डीडीआर३ नव्या डीडीआर४ किंवा डीडीआर५ च्या खोबणीत जातच नाही. चुकून लावू नये म्हणून कडेची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. म्हणजे आजचा बोर्ड घेतला, तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही बदलणं आलंच. मेकॅनिक इथे गंडवत नाही. पण ‘तसा बोर्ड येत नाही’ हे पूर्ण खरं नाही. तेच मॉडेल मिळणार नाही. ११५५ सॉकेटचा दुसरा बोर्ड मिळतो. ऑफिसांतून निघालेले जुने बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विकायला असतात आणि एच६१ या २०११ सालच्या चिपसेटवर बांधलेले नवे बोर्डही छोट्या ब्रँडच्या नावाने बाजारात आहेत.

जुना बोर्ड घेताना सॉकेटमध्ये टॉर्च मारून पाहा. या प्रकारात नाजूक पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. एखादी वाकलेली दिसली तर बोर्ड परत द्या. उभे नळकांडीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले नसावेत. एच६१ चे सुरुवातीचे बोर्ड बायोस अद्ययावत केल्याशिवाय तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाहीत, म्हणून तो प्रोसेसर लावून, स्क्रीनवर चित्र आलेलं पाहूनच पैसे द्या. मामांचा मॉनिटर जुना असेल तर बोर्डाला व्हीजीए जोडणी आहे ना, तेही बघा.

घ्यावा का? हिशेब आणि फोटो एवढंच काम असेल, तर स्वस्तात मिळालेला ११५५ चा बोर्ड घ्या. मामा त्यावर बँकेचे व्यवहार करत असतील, तर घेऊ नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तिथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा संचच नवा घ्या. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड राहू द्या. कॉम्प्युटरबरोबर आलेला विंडोजचा परवाना मात्र साधारणपणे जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, तो खर्च वेगळा धरा.

आणि दुकानात जाताना जुना बोर्ड पिशवीत घालून न्या. प्रोसेसर त्याच्या सॉकेटमध्येच राहू द्या.